साताऱ्याचा ४१५००१, सांगलीचा ४१६४१६: पिनकोडातून मूळ अवयवांपर्यंत

साताऱ्याच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड ४१५००१, सांगलीचा ४१६४१६ आणि मिरजेचा ४१६४१०. तिन्ही संख्या सहा अंकी आहेत, तिन्ही चार लाखांच्या थोड्या वर आहेत आणि सगळ्यात लहान व सगळ्यात मोठी यांत फरक फक्त १,४१५ चा. पाकिटावर त्या सारख्याच दिसतात. पूर्ण संख्या म्हणून तपासायला घेतल्या की मात्र तिघींचा स्वभाव पार वेगळा निघतो. साताऱ्याच्या संख्येला फक्त चार विभाजक आहेत, मिरजेच्या संख्येला आठ आणि सांगलीच्या संख्येला बहात्तर.

अशा संख्येचे मूळ अवयव हाताने, फार तर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर, कसे काढायचे ते इथे पाहू. संख्या किती मोठी आहे यावर हे काम सोपं की अवघड ते ठरत नाही. ती कोणत्या अवयवांनी बनली आहे आणि ते अवयव एकमेकांपासून किती लांब आहेत, यावर ठरतं. इंटरनेटवरची कुलपंही याच गोष्टीवर उभी आहेत. ती ज्या कारणांमुळे फुटतात, तीच कारणं या तीन पिनकोडांत लहान आकारात दिसतात.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाले. ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. पहिला अंक ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पहिले तीन अंक मिळून टपाल वर्गवारीचा विभाग ठरतो आणि शेवटचे तीन अंक नेमकं कार्यालय सांगतात. ही वर्गवारी टपालाच्या सोयीची असल्यामुळे जिल्ह्याच्या हद्दीशी ती जुळतेच असं नाही. विटा सांगली जिल्ह्यात आहे, पण त्याचा पिनकोड ४१५ ने सुरू होतो. हे आकडे देताना कोणी त्यांच्या अवयवांचा विचार केलेला नव्हता. म्हणूनच नमुना म्हणून ते चांगले: उत्तर सुबक यावं म्हणून निवडलेले नाहीत.

सांगली: ४१६ दोनदा

४१६४१६ कडे नीट पाहिलं तर ४१६ हाच गट दोनदा आला आहे. म्हणजे संख्या ४,१६,००० अधिक ४१६, अर्थात ४१६ × १००१. आणि १००१ = ७ × ११ × १३. तीन अंकांचा कोणताही गट दोनदा लिहा, १२३१२३ असो की ९०७९०७, त्याला ७, ११ आणि १३ ने भाग जाणारच.

उरला ४१६. त्याला अर्धा करत जा: २०८, १०४, ५२, २६, १३. पाच वेळा अर्धा झाला आणि १३ वर थांबला. एक १३ आधीच १००१ मधून आला होता, हा दुसरा. म्हणून

४१६४१६ = २ × २ × २ × २ × २ × ७ × ११ × १३ × १३

इथे एकही लांबलचक भागाकार करावा लागला नाही.

१००१ ची हीच गोष्ट कोणत्याही मोठ्या संख्येसाठी कसोटी म्हणून वापरता येते. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे. पहिला गट अधिक, दुसरा वजा, तिसरा अधिक, असं करत बेरीज काढायची. जे उत्तर येईल त्याला ७ ने भाग जात असेल तर दिलेल्या संख्येलाही जातो. ११ आणि १३ चंही तसंच. कारण साधं आहे: १००० हा १००१ पेक्षा एकने कमी, म्हणून या तिन्ही भाजकांसाठी १००० ची किंमत ‘वजा १’ इतकीच राहते आणि गट एक घर डावीकडे सरकला की त्याचं चिन्ह बदलतं.

सांगलीसाठी ४१६ − ४१६ = ०, तिन्ही भाग जातात. मिरजेसाठी ४१० − ४१६ = −६, एकही जात नाही. साताऱ्यासाठी ००१ − ४१५ = −४१४. आता ४१४ ला ७ ने भागलं तर बाकी १, ११ ने भागलं तर ७ आणि १३ ने भागलं तर ११. इथेही एकही जात नाही. तीन भागाकारांचं काम एका वजाबाकीत आणि तीन छोट्या भागाकारांत झालं.

या कसोटीत चूक होते ती स्वल्पविरामांमुळे. आपण ४,१५,००१ असं लिहितो, म्हणजे शेवटचे तीन अंक सोडले तर पुढे दोन-दोनचे गट पडतात. तेच गट धरून अधिक-वजा केलं तर १ − १५ + ४ = −१० असा अर्थहीन आकडा हाती येतो. कसोटी लावण्याआधी स्वल्पविराम पुसून टाका आणि गट नव्याने, तीन-तीनचेच पाडा.

बहात्तर विभाजक कुठून आले

मूळ अवयव कळले की विभाजक मोजायला ते लिहून काढावे लागत नाहीत. ४१६४१६ चा कोणताही विभाजक याच २, ७, ११, १३ मधून तयार होतो. त्यात २ किती वेळा घ्यायचा? एकदाही नाही, एकदा, दोनदा, असं पाच वेळांपर्यंत: सहा पर्याय. ७ घ्यायचा किंवा नाही: दोन पर्याय. ११ चे दोन. १३ शून्य, एक किंवा दोन वेळा: तीन. ६ × २ × २ × ३ = ७२.

विद्यार्थी हमखास चुकतात ते ‘एकदाही नाही’ हा पर्याय विसरून. मग ५ × १ × १ × २ = १० असं उत्तर येतं आणि १ हा विभाजकसुद्धा यादीतून गळतो.

स्वतः ती संख्या सोडून सांगलीच्या बाकीच्या ७१ विभाजकांची बेरीज केली तर ६,९०,३६८ येते, म्हणजे त्या संख्येहून कितीतरी जास्त. मिरजेच्या बाबतीत अशी बेरीज ३,३३,१४६ होते. साताऱ्याची फक्त १,२९१. तिन्ही संख्या जवळपास एकाच उंचीच्या असूनही हा फरक पडतो.

सहा अंकी संख्येला जास्तीत जास्त २४० विभाजक असू शकतात. ते असलेल्या संख्यांत ७२०७२० येते, तीही ‘दोनदा लिहिलेला गट’ प्रकारातलीच. १ ते १६ या सगळ्या संख्यांचा लसावि तोच.

सातारा: एकशे बारा भागाकार की एकच वजाबाकी

आता ४१५००१. शेवटी १ आहे म्हणून २ आणि ५ गेले. अंकांची बेरीज ११, म्हणून ३ गेला. ७, ११, १३ आपण वर बाद केलेच. शाळेतल्या पद्धतीने पुढे १७, १९, २३, २९ अशा मूळ संख्यांनी एकेक करून भागत जायचं. कुठवर? वर्गमुळापर्यंत. संख्या दोन अवयवांत फुटत असेल तर त्यांतला लहान अवयव वर्गमुळापेक्षा मोठा असू शकत नाही, कारण दोन्ही मोठे असते तर गुणाकारच संख्येच्या पुढे गेला असता. ४१५००१ चं वर्गमूळ ६४४.२१, म्हणून ६४३ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे.

हे करताना हुलकावण्या बऱ्याच मिळतात. ८३ × ५,००० = ४,१५,०००, एक उरतो. २४१ × १,७२२ = ४,१५,००२, एक कमी पडतो. ५८७ × ७०७ = ४,१५,००९, आठने चुकतं. शंभर मूळ संख्या तपासून झाल्यावर, म्हणजे ५४१ पर्यंत पोचल्यावरही, काहीच हाती लागत नाही. बरेच जण याच्या कितीतरी आधी ‘ही मूळ संख्याच आहे’ असं ठरवून मोकळे होतात आणि तिथेच चुकतात. १११ मूळ संख्या वाया जातात आणि ११२ वी, ६१३, लागू पडते:

४१५००१ = ६१३ × ६७७

दोन्ही अवयव मूळ आहेत. म्हणून साताऱ्याच्या संख्येला १, ६१३, ६७७ आणि ती स्वतः, एवढेच चार विभाजक.

आता हेच दुसऱ्या वाटेने करू. सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती पिएर द फर्मा, पेशाने कायद्यातला माणूस, याने ही वाट दाखवली. आठवी-नववीतलं सूत्र आहे: दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे त्या दोन संख्यांची बेरीज गुणिले त्यांची वजाबाकी. फर्माने ते उलटं वापरलं. दिलेली संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात मांडता आली, तर अवयव आपोआप मिळतात.

पायऱ्या अशा. संख्येचं वर्गमूळ काढा आणि वरच्या पूर्ण संख्येकडे न्या. तिचा वर्ग करा, त्यातून दिलेली संख्या वजा करा. उरलेला आकडा पूर्ण वर्ग असेल तर काम झालं. नसेल तर एक पुढे जाऊन पुन्हा तेच.

४१५००१ चं वर्गमूळ ६४४.२१, वर नेलं की ६४५. ६४५ × ६४५ = ४१६०२५. त्यातून ४१५००१ गेले, उरले १०२४. आणि १०२४ = ३२ × ३२. पहिल्याच पायरीला पूर्ण वर्ग! अवयव: ६४५ − ३२ = ६१३ आणि ६४५ + ३२ = ६७७. ज्या कामाला ११२ भागाकार लागले ते एका वर्गात आणि एका वजाबाकीत झालं.

हे जमिनीच्या मापात पाहिलं की डोळ्यांसमोर उभं राहतं. ६४५ फूट बाजूचं चौरस रान घ्या आणि त्याच्या एका कोपऱ्यातून ३२ फूट बाजूचा चौरस काढून टाका. उरलेलं क्षेत्र ४१५००१ चौरस फूट, साडेनऊ एकरांच्या जरासं वर. आता त्याचे दोन तुकडे पाडा: एक ६४५ लांब, ६१३ रुंद, दुसरा ६१३ लांब, ३२ रुंद. दोघांचीही एक बाजू ६१३ ची आहे. त्या बाजूंनी जोडले की ६१३ रुंद आणि ६७७ लांब असा सरळ आयत तयार होतो.

सांगलीची संख्याही याच पद्धतीने चालवून पाहा. वर्गमूळ ६४५.३०, वर नेलं की ६४६. ६४६ चा वर्ग ४१७३१६. वजा ४१६४१६, उरले ९००, म्हणजे ३० चा वर्ग. पुन्हा पहिल्याच पायरीला: ६१६ × ६७६. यात ६१६ = ८ × ७ × ११ आणि ६७६ = ४ × १३ × १३. शेजारशेजारच्या दोन जिल्ह्यांच्या मुख्य टपाल कार्यालयांचे आकडे फर्माच्या पद्धतीत पहिल्याच फटक्याला उलगडतात. हा निव्वळ योगायोग आहे, पण शिकवण्यासाठी यापेक्षा सुंदर जोडी शोधून सापडणार नाही.

हे करताना दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, वर्गमूळ जवळच्या पूर्ण संख्येकडे न नेता नेहमी वर न्यायचं. सांगलीसाठी ६४५ घेतलं तर वजाबाकी −३९१ येते आणि पुढे वाट नाही. दोन, उरलेला आकडा पूर्ण वर्ग आहे का हे प्रत्येक वेळी कॅल्क्युलेटरवर बघायची गरज नाही. पूर्ण वर्गाच्या शेवटी २, ३, ७ किंवा ८ कधीच येत नाही. या एका नियमाने बरेचसे आकडे नुसत्या नजरेने बाद होतात.

ही पद्धत चपळ का? ६४५ ही ६१३ आणि ६७७ यांची सरासरी आहे आणि ३२ हा त्यांच्यातल्या फरकाचा निम्मा. अवयव जितके जवळ, तितकी सरासरी वर्गमुळाच्या जवळ, म्हणून शोध लवकर संपतो. अवयव जवळचे असताना पायऱ्या किती लागतील याचा अंदाजही बांधता येतो: अवयवांतल्या फरकाचा वर्ग, भागिले वर्गमुळाची आठपट. साताऱ्यासाठी ६४ चा वर्ग ४,०९६, भागिले सुमारे ५,१५४. उत्तर एकपेक्षा कमी, म्हणून एक पायरी.

फर्माने स्वतः २०२७६५१२८१ ही संख्या अशीच फोडली. तिचे अवयव ४४०२१ आणि ४६०६१. त्याला ४५०३० पासून ४५०४१ पर्यंत बाराच पायऱ्या जाव्या लागल्या. १८७४ मध्ये विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स या इंग्रज विद्वानाने ८६१६४६०७९९ ही संख्या पुढे ठेवली आणि हिचे अवयव आपल्याखेरीज कोणाला कधी कळतील असं वाटत नाही, असं लिहिलं. ती ८९६८१ × ९६०७९ आहे. फर्माच्या पद्धतीने ५६ पायऱ्या, म्हणजे वही-पेन्सिल घेऊन बसलं तर एका दुपारचं काम. जेव्हन्सच्या दोन मूळ संख्या मोठ्या होत्या, पण एकमेकींच्या फार जवळ होत्या.

मिरज: जिथे ही वाट बंद आहे

मिरजेच्या ४१६४१० ला हीच पद्धत लावा. ६४६ च्या वर्गातून वजा केलं की ९०६ उरतात, ६४७ च्या वर्गातून २,१९९. असेच पुढे जात राहा, पूर्ण वर्ग कधीच मिळणार नाही. कारण दोन पूर्ण वर्गांतला फरक एक तर विषम असतो, नाही तर त्याला ४ ने भाग जातो. ४१६४१० ला ४ ने भागलं की बाकी २ उरते. तेव्हा फर्माकडे जाण्याआधी सगळे २ काढून घ्यायचे, हा पहिला नियम.

२ काढला की २०८२०५ उरतात. आता पद्धत चालेल, पण किती वेळ? ४५७ पासून सुरुवात करून २०८२३ पर्यंत, म्हणजे २०,३६७ पायऱ्या. कारण २०८२०५ = ५ × ४१६४१, एक अवयव अगदी छोटा आणि दुसरा अवाढव्य; त्यांची सरासरी वर्गमुळापासून फार दूर जाते. शेवटचा ५ बघून भागाकार केला असता तर एका क्षणात झालं असतं. साताऱ्याच्या बरोबर उलट.

४१६४१ चं वर्गमूळ २०४.०६. १९९ पर्यंतच्या सगळ्या ४६ मूळ संख्यांनी भागून पाहिलं तर एकही भाग जात नाही, म्हणजे ती मूळ आहे. इथे मधेच थांबण्याची सोय नाही: ४५ संख्या तपासून ‘बहुधा मूळ’ एवढंच म्हणता येतं. शेवटी

४१६४१० = २ × ५ × ४१६४१

आणि विभाजक २ × २ × २ = ८.

टीएमसीची अकरा अंकी संख्या

साताऱ्यात मोठ्या संख्येची रोजची ओळख म्हणजे धरणाचा साठा. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. त्याचे लिटर किती? नेमके २८३१६८४६५९२, म्हणजे २,८३१ कोटी ६८ लाख ४६ हजार ५९२. ही संख्या पोटात दशांश न ठेवता पूर्ण येते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

अकरा अंकी आहे म्हणून अवघड वाटेल. पण ती कुठून आली हे माहीत आहे. १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार एक फूट म्हणजे नेमका ०.३०४८ मीटर, अर्थात ३.०४८ डेसिमीटर. त्याचा घन म्हणजे एका घनफुटाचे लिटर. तो शंभर कोटींनी गुणला की दशांशचिन्ह नऊ घरं सरकतं आणि उरतं ३०४८ × ३०४८ × ३०४८. संख्या पूर्ण घन आहे! आता ३०४८ = ८ × ३ × १२७ एवढंच काढायचं. मग टीएमसीच्या लिटरमध्ये २ नऊ वेळा, ३ तीन वेळा आणि १२७ तीन वेळा. विभाजक १० × ४ × ४ = १६०. चार अंकी ३०४८ फोडली आणि अकरा अंकी संख्या उलगडली.

हेच कुलपाला कसं लागू पडतं

१९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी मांडलेली आरएसए पद्धत दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर चालते. गुणाकार सगळ्यांना दिसतो, मूळ संख्या गुप्त राहतात. साताऱ्याचा ४१५००१ घेऊन तिचं लहान रूप करून पाहू.

जाहीर आकडे दोन: ४१५००१ आणि ५. समजा निरोप २० आहे. २० चा पाचवा घात ३२,००,०००. त्याला ४१५००१ ने भागा: सात वेळा जातो, बाकी २९४९९३. हा कुलूपबंद निरोप. उघडण्यासाठी ६१२ × ६७६ = ४१३७१२ हा आकडा लागतो, म्हणजे दोन्ही अवयवांतून एकेक वजा करून केलेला गुणाकार. आता ज्याला ५ ने गुणून ४१३७१२ ने भागल्यावर बाकी १ उरते असा आकडा शोधायचा: १६५४८५. हीच गुप्त किल्ली. २९४९९३ चा १६५४८५ वा घात करून ४१५००१ ने भागलं की बाकी पुन्हा २० मिळते. ६१३ आणि ६७७ माहीत नसतील तर ४१३७१२ कळत नाही आणि किल्लीही नाही.

हे कुलूप तीन प्रकारे फुटतं. निरोप २० ऐवजी १२ घ्या. १२ चा पाचवा घात २,४८,८३२, हा ४१५००१ पेक्षा लहानच आहे. भागाकार होतच नाही, आणि साधं पाचवं मूळ काढलं की निरोप उघडा पडतो. म्हणून प्रत्यक्षात निरोपाला आधी यादृच्छिक भर घालून तो मोठा करतात.

दुसरा प्रकार साताऱ्याचाच: मूळ संख्या एकमेकींच्या जवळ. २०२२ मध्ये काही प्रिंटरांनी बनवलेल्या किल्ल्या फर्माच्या या जवळपास चारशे वर्षं जुन्या पद्धतीने फोडता येतात असं उघड झालं. अमेरिकेच्या मानकात म्हणूनच अट आहे की २०४८ बिटांच्या किल्लीसाठी निवडलेल्या दोन मूळ संख्यांतला फरक दोनच्या ९२४ व्या घातापेक्षा जास्त हवा.

तिसरा प्रकार सर्वांत सहज घडणारा. दोन उपकरणांनी चुकून एक मूळ संख्या सारखीच निवडली तर दोन्ही किल्ल्या शाळेतल्या मसाविने सुटतात. समजा एकाची संख्या ४१५००१ आणि दुसऱ्याची ४२९७१३. मोठीला लहानीने भागा, बाकी १४७१२. ४१५००१ ला १४७१२ ने भागा, बाकी ३०६५. १४७१२ ला ३०६५ ने, बाकी २४५२. ३०६५ ला २४५२ ने, बाकी ६१३. २४५२ ला ६१३ ने, बाकी शून्य. पाच भागाकारांत मसावि ६१३ मिळाला आणि दोन्ही संख्या फुटल्या: ६१३ × ६७७ आणि ६१३ × ७०१. मसावि काढायला अवयव माहीत असावे लागत नाहीत, हीच त्याची ताकद. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरून लाखो जाहीर किल्ल्या गोळा करून त्यांचे आपसांत मसावि काढले, तेव्हा हजारो उपकरणांच्या किल्ल्या अशा उघड्या पडल्या.

या तिन्ही चुका टाळल्या तर मात्र आकार खरोखर आड येतो. फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकी आरएसए संख्या फोडली गेली, ती संगणकाच्या एका कोरच्या हिशेबाने सुमारे २,७०० वर्षांचं काम अनेक यंत्रांवर वाटून. २०४८ बिटांची किल्ली ६१७ अंकी असते.

हातातल्या सहा-सात अंकी संख्येसाठी क्रम असा ठेवावा: आधी २, ३, ५, मग १००१ ची कसोटी, मग फर्माच्या चार-पाच पायऱ्या, त्यातूनही काही निघालं नाही तर वर्गमुळापर्यंत भागाकार. कऱ्हाडचा ४१५११० घ्या. शेवटी शून्य म्हणून २ आणि ५. अंकांची बेरीज १२ म्हणून ३. ३० ने भागलं की १३८३७. ८३७ − १३ = ८२४, त्याला ७, ११, १३ ने भाग जात नाही. वर्गमूळ ११७.६, वर नेलं की ११८. ११८ चा वर्ग १३९२४, उरले ८७, शेवटी ७ म्हणून बाद. ११९ चा वर्ग १४१६१, उरले ३२४, म्हणजे १८ चा वर्ग. ११९ − १८ = १०१, ११९ + १८ = १३७, दोन्ही मूळ. म्हणून ४१५११० = २ × ३ × ५ × १०१ × १३७, आणि विभाजक बत्तीस.